सही झाली; लागू कधी?

शुभदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये भांडत उभी होते. कामगारांचे कव्हरऑल, म्हणजे मानेपासून घोट्यापर्यंतचा एकसंध पोशाख, शिवून पुरवणं हा माझा धंदा. निळा रंग नमुन्यापेक्षा फिका आहे असं म्हणत तिथला स्टोअर मॅनेजर भाव पाडायला बघत होता आणि मी नमुना व माल दोन्ही बाहेर उन्हात नेऊन त्याच्या डोळ्यांसमोर धरले होते. रमजान चालू होता, त्याचा रोजा होता; माझाही ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ. दोघांची डोकी तापलेली. तेवढ्यात मोहनरावांचा, शुभदाच्या नवऱ्याचा फोन आला. "फिलोमिना, शुभदा गेली..." एवढंच म्हणाले. मी फोन पर्समध्ये टाकला आणि त्या माणसाला म्हणाले, "खलास. तू म्हणशील तो भाव." तो माझ्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांच्या धंद्यात हे वाक्य मी कोणाला म्हटलेलं नव्हतं.

सोहारहून मस्कतला येताना मला रडू यायला हवं होतं, पण येत होता तो राग. माझी शुभदावर एक तक्रार होती आणि तिचा निकाल लागायच्या आधीच ती निघून गेली होती. माणूस गेलं की तक्रारी पोटात घालाव्यात म्हणतात. मी घालणार नाही. पण तक्रार कळायची तर आधी शुभदा कळायला हवी, म्हणून हे लिहिते आहे. तिच्या मुलीला, सायलीला विचारून लिहिते आहे आणि माझं सोडून बाकी सगळी नावं बदलली आहेत.

मी वसईची. चर्चच्या शिवणवर्गात शिकले, मस्कतला एका शिवणाच्या दुकानात कामाला आले, मालकाशी भांडून बाहेर पडले आणि एका मशिनवर सुरुवात केली. आज मस्कतजवळ रुसैलमध्ये माझी शेड आहे. मला कोणी हात दिला नाही, त्यामुळे कोणापुढे मान खाली घालायची सवयही लागली नाही. शुभदा पुण्याची. एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात कामगारांच्या व्हिसाची कागदपत्रं सांभाळायची. माझ्याकडे ती पहिल्यांदा आली ती ब्लाउज बिघडला म्हणून भांडायला. मी म्हटलं, "ब्लाउज बिघडला नाही, तुम्ही जाड झालात." ती म्हणाली, "झाले असेन. पण माप तुम्ही मागच्याच आठवड्यात घेतलंय." आवाज चढवला नाही, नुसती उभी राहिली. मी ब्लाउज उसवून तिच्यासमोर परत शिवला आणि मग दोघींनी चहा घेतला. माझ्याशी भांडून जिंकणारी बाई मला तोवर भेटली नव्हती. महिन्याभरात आम्ही अगं-तुगंवर आलो.

तिची शांतता कुठून आली ते मला पुढे कळलं. शुभदा आणि मोहनरावांनी आळंदीला जाऊन लग्न केलं होतं. जात वेगळी, दोन्ही घरांचा विरोध. भटजी, हार, चार मित्र आणि मंगल कार्यालयाचं छापील प्रमाणपत्र, एवढ्यावर लग्न झालं. रजा संपल्यावर मोहनराव ते प्रमाणपत्र घेऊन मस्कतला परतले, बायकोच्या व्हिसासाठी खिडकीवर गेले आणि खिडकीतल्या माणसानं कागद न वाचताच परत सरकवला. सरकारी नोंदणी झालेलं, मंत्रालयाचा, दिल्लीचा आणि वकिलातीचा शिक्का बसलेलं, तेवढंच लग्न इथे लग्न. गल्फमधल्या कोणत्याही मराठी घरात विचारा, लग्नाचा अल्बम कपाटाच्या वर असतो आणि शिक्क्यांचा तो कागद कुलपात. नोंदणीला नवराबायको दोघं हजर लागतात आणि मोहनरावांना पुढची रजा मिळायला वर्ष होतं. ते वर्ष शुभदानं पुण्यात नोकरदार बायकांच्या वसतिगृहात काढलं. माहेर बंद, सासर बंद. वसतिगृहाची रेक्टर जेवणाच्या रांगेत सगळ्यांदेखत विचारायची, "नवरा आहे म्हणतेस ना, मग नेत का नाही?" शुभदा मला म्हणायची, "हार घातला की लग्न होतं फिलू, पण चालत नाही. चालतं ते शिक्क्यानं." त्या दोघांच्या घरात लग्नाचे वाढदिवस दोन असायचे. आळंदीच्या दिवशी मोहनराव श्रीखंड आणायचे. नोंदणीच्या दिवशी शुभदा आम्हाला बाहेर जेवायला न्यायची आणि खरा वाढदिवस हा, असं बजावायची.

सायली इथेच वाढली. इंडियन स्कूल, मैत्रिणींशी इंग्रजी, आईशी अडखळत मराठी, मला मात्र फिलू मावशी. हॉटेलच्या धंद्यात गेली, बँकॉकला नोकरी लागली. एका सुट्टीत ती आली तेव्हा तिच्याबरोबर नोई होती. नोई तिथलीच, थाई. ऑफिसमधली मैत्रीण, असं सांगितलं गेलं आणि शुभदाच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून ती माझ्याकडे राहिली. जागा होती. सायलीच्या खोलीत दोन पलंग होते, मीच स्वस्तात करवून दिलेले. त्या आठवड्यात शुभदा आणि मी खाबुऱ्याला लिंबं आणायला गेलो. दरवर्षी जायचो, तिथल्या मळ्यावरून पोतंभर आणायचो आणि लोणचं घालायचो. परतताना ती गाडीत म्हणाली, "फिलू, नोई सायलीची मैत्रीण नाही."

"मग कोण?"

"मोहन माझा जो आहे, तो."

मी गाडी चालवत होते. समोर बघतच म्हटलं, "आणि हे तू मला आत्ता सांगतेस? चार दिवस पोरगी माझ्या घरात झोपते आहे."

"म्हणून तर सांगतेय. घर तुझं आहे. तुला चालत नसेल तर हॉटेल बघते."

"मला चालत नाही असं मी म्हटलं का? मी म्हटलं, आत्ता सांगतेस?"

ती हसली आणि मग रडली. मी आणखी चिडले, कारण रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. आमच्या चर्चमध्ये याबद्दल काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मी मिस्साला तिथेच जाते. पण नोई सकाळी उठून माझ्या घरातल्या मशिनला तेल घालायची, न सांगता. माझ्या शेडमधल्या माणसांना ते महिन्यातून दहादा सांगावं लागतं. माणूस ओळखायची माझी रीत ही.

मोहनरावांना सायलीनं त्याच सुट्टीत सांगितलं. ते ओरडले नाहीत, दार आपटलं नाही. नुसते उठले आणि दुसऱ्या खोलीत गेले. तेव्हापासून घरात हा विषय निघाला की ते उठायचे. फोनवर सायलीशी बोलताना नोईचं नाव आलं की फोन शुभदाच्या हातात द्यायचे आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जायचे. त्या घरातली झाडं पाणी जास्त झाल्यानं मेली, असं शुभदा म्हणायची. वाईट माणूस नाही. या माणसानं बायकोसाठी आईवडील सोडले होते. शुभदाला ते जास्त लागायचं. "दुसऱ्या कोणाचा बाप असता तर मी समजू शकले असते," म्हणायची.

या देशात ही गोष्ट उघड बोलायची नसते, फोनवर तर नाहीच. कायदा काय आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. आम्ही दोघी गाडीत बोलायचो. भारतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा शुभदा महिनेमहिने त्याच बातम्या ऐकत होती. निकाल लागला, लग्नाचा हक्क द्यायचा की नाही ते संसदेनं ठरवावं असं न्यायालय म्हणालं. शुभदानं गाडीतला रेडिओ बंद केला आणि विचारलं, "मग आता कुठे?" मी म्हटलं, "कुठे म्हणजे? त्या दोघी तिथे सुखानं राहतायत ना?" ती म्हणाली, "मीही वसतिगृहात सुखानंच राहत होते."

कुठे, याचं उत्तर नोईच्याच देशातून आलं. थायलंडमध्ये तसा कायदा होऊ घातला होता. खालच्या सभागृहात झाला, वरच्यात झाला, राजाची सही तेवढी बाकी. या मधल्या काळात शुभदाचं दुखणं उलटलं होतं. एकदा बरा झालेला कॅन्सर आता हाडांत होता. तिला नक्की काय हवं आहे ते तिनं मला एकदाच सांगितलं, इस्पितळाच्या पार्किंगमध्ये. "सायलीचं लग्न बघायचंय. मोहनसकट."

सप्टेंबरात एका सकाळी ती फोनवर जवळजवळ किंचाळली. "सही झाली! राजपत्रात छापून आलं!" मी शेडमधूनच विचारलं, "लागू कधी?" ती म्हणाली, "कधी म्हणजे? उद्यापासून!" आणि मलाही ते अगदी बरोबर वाटलं. आम्ही दोघींनी आयुष्य या देशात काढलेलं. इथे फर्मान निघतं, राजपत्रात येतं आणि बहुतेकदा दुसऱ्या दिवसापासून लागू होतं. अमुक कामाचे व्हिसा बंद अशी बातमी येते आणि सकाळी खिडकीवर गेलं की बंद. व्हिसाची कागदपत्रं सांभाळण्यात जन्म गेलेल्या शुभदाला आणि त्या व्हिशांवर कारागीर आणणाऱ्या मला सही आणि लागू यांच्यात काही अंतर असू शकतं असं वाटलंच नाही. मी दुपारीच रुवीतल्या एजंटकडून बँकॉकची दोन तिकिटं काढली. मोहनरावांना सायलीला भेटून येतो एवढंच सांगितलं. शुभदानं नोईसाठी मोरपंखी साडी घेतली आणि डॉक्टरांकडून आठवड्याची सुट्टी मागून घेतली. बॅग भरून झाल्यावर तिनं लेकीला कळवलं, की आम्ही येतोय, ऑफिसात नंबर लावून ठेव. पलीकडून सायली म्हणाली, "आई, सही झालीये, पण स्टार्ट नाही झालंय गं. फोर मंथ्स. जानेवारीत स्टार्ट होणार." शुभदानं बॅगेची चेन लावली, परत उघडली आणि साडी काढून कपाटात ठेवली. त्या दिवशी तिला मी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

मी एजंटकडे गेले. तो केरळचा, माझ्याशी हिंदीत बोलायचा. "मॅडम, इस टिकट का पैसा वापस नहीं होता."

"मैंने पैसा माँगा? तारीख माँगी."

"चार महीना आगे? नहीं होता मॅडम."

"मेरा पूरा शेड छुट्टी पे जाता है, टिकट किससे लेता है? तेरे से. यल्ला, फोन लगा."

त्यानं फोन लावला. तारखा बदलून मिळाल्या. तिकिटं जानेवारीची झाली, शुभदाची तारीख मात्र कोणी बदलून देणार नव्हतं.

दिवाळीला सायली आणि नोई आल्या. शुभदा खूप उतरली होती. मला जे दिसत होतं ते सायलीलाही दिसत होतं, म्हणून मी एक गोष्ट ठरवली आणि पोरींना कबूल करायला लावली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी घरच्या घरी हार घालायचे, बस्स. आईनं डोळ्यांनी बघून घ्यावं, कायदा मागून येईल. मी नोईला ब्लाउज शिवला, रुवीतल्या फुलवाल्याशी घासाघीस करून मोगऱ्याचे दोन हार आणले. शुभदानं हार पाहिले आणि विचारलं, "हे कशाला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "देवाला घाल."

"शुभे, पोरी आल्यात, हार आलेत. अर्ध्या तासाचं काम आहे."

"आणि मोहन?"

"ते जातील दुसऱ्या खोलीत. जाऊ देत."

"हेच. आज तो दुसऱ्या खोलीत जाईल आणि उद्या म्हणेल, पोरींचा खेळ होता. शिक्का बसलेल्या लग्नाला त्याला खेळ म्हणता येणार नाही. शिक्का म्हणजे काय ते त्याच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

"आणि जानेवारीपर्यंत तू..."

"बोल की. नाही राहिले तर?"

"तर काय बघशील?"

"नाही बघणार. पण न चालणारं लग्न बघून जाणार नाही. ते मी एकदा करून बसलेय."

मी हार टेबलावर टाकले, तिला हट्टी, उलट्या काळजाची, अजून काय काय म्हणाले आणि घरी निघून आले. नाताळपर्यंत गेले नाही. नाताळच्या आदल्या दिवशी तिनं मोहनरावांच्या हाती बेसनाचे लाडू पाठवले आणि निरोप दिला, राग गेला का विचारा. राग गेला नव्हता, पण मी गेले.

जानेवारी उजाडला तेव्हा शुभदा होती, पण डॉक्टरांनी विमानाला साफ नकार दिला. मी म्हटलं, माझं तिकीट आहे, मी जाते, तुझ्या वतीनं उभी राहते, साक्षीदार म्हणून सही करते. तिनं माझं मनगट धरलं. "नको. त्या दिवशी तू मला इथे हवीस. कुठे जाऊ नकोस." मी तिकिटावर पाणी सोडलं. तो दिवस गुरुवार होता. मी कोणत्याही कारखान्यात गेले नाही, डिलिव्हरी माणसांवर सोपवली, चांगली साडी नेसून रुसैलच्या शेडमध्ये फोन समोर ठेवून बसले. तिचा फोन आला की निघायचं. सकाळ गेली. दुपारी फोन वाजला तो सायलीच्या फोटोचा. एका सरकारी टेबलासमोर दोघी, नोईच्या अंगावर ती मोरपंखी साडी, हातात कागद. खाली एकच शब्द, "झालं." त्यांच्या घरून मात्र कोणाचा फोन नाही. संध्याकाळी मी गेले, तर मोहनरावांनी दार अर्धंच उघडलं. "झोपली आहे," म्हणाले. माझ्या साडीकडे बघितलं, पण आत या म्हणाले नाहीत.

माझी तक्रार ती हीच. तिच्या सांगण्यावरून मी बँकॉकला गेले नाही, आणि तिनं मला तिच्या खोलीतही बोलावलं नाही. सप्टेंबरपासून ज्या दिवसासाठी मी भांडत होते, त्या दिवशी मी कुठेच नव्हते.

पुढे मी जात राहिले, डबा देत राहिले, विचारलं मात्र नाही. एकदा तीच म्हणाली, "रागावलीस."

"नाही."

"मग ओरडत का नाहीस?"

"आजारी माणसावर मी ओरडत नाही."

"सांगेन तुला."

"कधी?"

"इन्शाल्ला," म्हणाली आणि हसली. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, समोरच्यानं इन्शाल्ला म्हटलं की तारीख विचारायची नसते. त्यानंतर ती फार बोलण्याच्या अवस्थेत राहिली नाही आणि मग सोहारचा तो फोन आला.

सायली आणि नोई दुसऱ्या दिवशी पोचल्या. बँकॉकच्या विमानतळापर्यंत त्या नवरीनवरी होत्या, मस्कतला उतरल्या त्या एक मुलगी आणि तिच्याबरोबर आलेली एक टुरिस्ट म्हणून. त्याच दुपारी इथल्या स्मशानभूमीत सायलीनं अग्नी दिला. नोई मागे उभी होती, माझ्याजवळ. तिला कोणी काही विचारलं नाही, कोणी पुढेही बोलावलं नाही. संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं. नोईला बरोबर न्यायचं म्हणून मी थांबले, तिची खोलीही लावून ठेवली होती. मोहनराव जवळ येऊन म्हणाले, "तुम्ही निघा. मी बघतो तिचं." म्हणजे हॉटेल, मी समजले. बायको जाऊन दोन दिवस झाले नाहीत आणि हा माणूस पोरीला हॉटेलात टाकतोय. घरी गेल्यावर माझा डोळा लागला नाही. सकाळी पिठलं-भाताचा डबा घेतला आणि आज दोन्ही हिशेब चुकते करायचे, जानेवारीचाही आणि कालचाही, असं ठरवून निघाले.

दार मोहनरावांनी उघडलं. अंगावर चुरगळलेला सदरा, हॉलमध्ये सोफ्यावर उशी आणि चादर. मी उंबऱ्यातूनच सुरू केलं, "मोहनराव, मला एक सांगा..."

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला. पोरी झोपल्यात."

बेडरूमचं दार लोटलेलं होतं. त्यांची आणि शुभदाची खोली. मी डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. सायलीच्या खोलीत आता औषधं आणि ऑक्सिजनचं सामान भरलेलं होतं, हे खरं. पण हॉटेलं मस्कतमध्ये कमी नाहीत.

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. भांडायला आले होते, कुजबुजत भांडले. त्या दिवशी मला का बोलावलं नाही, विचारलं. मोहनराव ओट्याला टेकून उभे राहिले. "मी म्हणालो होतो तिला. सकाळी ती म्हणाली, हात थरथरतोय, फोन धरता येत नाही, तू धर. इथे साधा व्हिडिओ कॉल लागत नाही, तिनं माझ्याच ऑफिसचं मीटिंगचं अॅप लावून घेतलं होतं. मी म्हणालो, फिलोमिनाला बोलाव, ती धरेल. तर म्हणाली, फिलू आज सोहारला गेलीय." त्यांनी ओट्यावरून हात फिरवला. "मग काय... धरला मी. फोन हातात, तर जाणार कुठे? त्या दोघींनी सह्या केल्या. तिथल्या बाईनं शिक्का मारला, त्याचा आवाज इथे आला. शुभदा म्हणाली, मोहन, नीट बघ, शाई दिसतेय का? दिसतेय म्हणालो."

मी सोहारला नव्हते. त्याच आठवड्यात तिनं माझ्यासमोर बसून पातेलंभर मटारही सोलले होते, हात जराही न थरथरता. मोहनरावांना यातलं काही माहीत नव्हतं आणि मी ते सांगितलं नाही. मी त्या खोलीत असते तर फोन माझ्या हातात आला असता आणि हा माणूस बाल्कनीत गेला असता. धंद्यात मी शंभर माणसांना असंच एकटं गाठलंय, मला हे शिकवायला नको. पण तक्रार आहे ती आहेच. मला सांगितलं असतं तर मी खरोखर सोहारला गेले असते.

मी डबा ओट्यावर ठेवला. मोहनरावांनी झाकण उघडून बघितलं, परत लावलं. म्हणाले, "ती नोई... तुमच्याकडे राहिली होती ना? सकाळी काय खाते ती?"

"भात."

"सकाळी पण?"

"सकाळी पण. गरम लागतो."

त्यांनी वरचा डबा काढला, तो डाळीचा निघाला. मी खालच्या फळीकडे बोट दाखवलं. त्यांनी पातेल्यात दोन वाट्या तांदूळ घेतले, नळ बारीक सोडून, आवाज न करता धुतले. मग पातेलं नळाखाली धरून माझ्याकडे वळून बघितलं, पाणी कुठवर? मी तर्जनी वर केली आणि अंगठ्यानं पहिलं पेर दाखवलं.